माघ वद्य पंचमीचं ‘बरंच’

पौष शुद्ध द्वितीया, गुरुवार. संक्रांत. दुपारी, सगळे निजल्यावर.

ही डायरी मधूने दिली. माझा नातू. म्हणाला, आजी, दिवसभर आम्हाला सांगत असतेस ते हिच्यात लिहीत जा, म्हणजे आमचे कान सुटतील. गुणी आहे पोरगा. प्रत्येक पानावर वर इंग्रजी तारीख छापलेली आहे. ती मी खोडली आणि तिथी घातली. शाळा माझी दुसरीपर्यंतच, पण पंचांगात मला कुणी फसवून दाखवावं. लग्न होऊन वाईहून इकडे ग्वाल्हेरीस आले त्याला जमाना झाला, तरी मी अजून शुद्ध वाईची मराठी बोलते. बिलकुल मिलावट नाही.

आज फार आनंद झालाय. मधूचे मोठे साहेब, माथूर साहेब, बाईसाहेबांना घेऊन आपल्याकडे खायला येणार! आमच्या जयेंद्रगंजात आजवर कुणाच्या दारात साहेबाची मोटार उभी राहिली नाही. शेजारच्या अनसूयाबाईंच्या दारात एकदा राहिली होती, पण ती पंक्चर झाली होती म्हणून.

आनंदाने हातपाय गार पडले आहेत. थंडीही आहेच.

भानगड अशी की मधूच्या ऑफिसातून एका पोराला श्योपूरला धाडायचं आहे आणि नाव साहेब काढणार. श्योपूर! ती छोट्या लाईनीची खेळण्यासारखी गाडी, दिवसभर खुडखुडत जायचं, पुढे जंगल आणि तापाची हवा. वाघ म्हणे स्टेशनापर्यंत येतात. मधू म्हणाला, वाघांना तिकडे दुसरी कामं असतात आजी. त्याला काय पता? आई मुलाला धाडील, बाप धाडील, मी नाही धाडणार. साहेबांना असं काही खिलवायचं की मधूचं नाव लिहायला त्यांचा हातच उठू नये.

विचारलं, नाश्ता की जेवण? तर दोन्ही नाही. साहेब लोक रविवारी उशिरा उठतात, अकराच्या सुमारास एकदाच खातात, काही गोड, काही तिखट. विलायतेत त्याला ब्रंच म्हणतात. मी म्हटलं, बरंच खात असतील, पण म्हणतात काय? तो म्हणाला, ब्रंच. मी म्हटलं, अरे ते कळलं, नाव सांग. मग तो जो हसत सुटला तो उत्तरच देईना. असो. खाण्याचं नाव बरंच, एवढं समजलं.

केव्हा म्हणून विचारलं तर इंग्रजी तारीख सांगायला लागला. मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, तिथी सांग. डोकं खाजवलंन आणि म्हणाला, बाईसाहेबांनी तिथीच सांगितली आहे, माघ वद्य पंचमी, रविवार. पंचांग उघडून पाहिलं तर माघ वद्य पंचमीला मंगळवार निघतो. इंग्रजी शिकून पोरांना आता वारसुद्धा कळेनासे झाले. तिथी खरी, वार काय, चुकतो माणूस.

म्हणजे दीड महिना हातात आहे. भ्यायचं कशाला? मी भ्याले नाही. अक्षर हललंय ते थंडीने.

पौष शुद्ध चतुर्थी, शनिवार. सकाळी.

मधू काल दौऱ्यावर गेला, साहेबांबरोबरच. परत येईल तेव्हा येईल. जाताना म्हणाला, आजी, फार खटाटोप करू नकोस, आई करील. आई म्हणजे माझी सून, राजलक्ष्मी. तिने काय करायचं? तिला सगळं मीच शिकवलं. हल्ली चुलीपुढे ती बसते आणि मी ओसरीवरून सांगते, म्हणजे स्वयंपाक माझाच झाला की.

बेत ठरवला. तिखटात मटारचे पोहे आणि बेसनाची धिरडी. साहेब आमलेट खातात म्हणे. धिरडं म्हणजे आमलेटच, फक्त अंडं नाही. गोडात गाजराचा शिरा. सगळं सोपं. डोळे मिटून करीन.

निश्चय: रोज एक जिन्नस स्वतःच्या हाताने करून पाहायचा. आजपासून.

राजलक्ष्मीने विचारलं, सासूबाई, माघ वद्य पंचमी म्हणजे नक्की कुणाची? ती इथलीच, ग्वाल्हेरीच्या लष्कर भागात जन्मलेली, तिला प्रश्न फार पडतात. म्हटलं, पंचमी काय कुणाच्या बापाची असते? तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सुनेने असंच असावं.

संध्याकाळी: आज शनिवार. नवीन कामाला शनिवार बरा नाही. सोमवारपासून.

पौष शुद्ध षष्ठी, सोमवार.

मधूने मागच्या महिन्यात पंपाचा पितळी स्टो आणलाय. चुलीवर बरंच करायचं तर धुराने बाईसाहेबांचे डोळे चुरचुरतील, म्हणून स्टो. मी स्टोला भीत नाही. अनसूयाबाईंच्या बहिणीचा स्टो भडकला तो तिच्या चुकीने. तरी पेटवायला राजलक्ष्मीला सांगितलं, कारण माझ्या दंडात वात आहे. काकडा धरला, पंप मारला, आणि तो मेला वाघासारखा गुरगुरायला लागला की! मी सावधगिरी म्हणून दारात उभी राहिले आणि तिथूनच लांब डावाने तव्यावर पीठ टाकलं. अर्धं तव्यावर, अर्धं स्टोवर. स्टो विझला.

एक धिरडं झालं. ह्यांना दिलं. हे म्हणाले, हे पोटीस कुठे बांधायचं? ह्यांचा स्वभाव पहिल्यापासून असाच.

तात्पर्य: पीठ जरा पातळ हवं. बाकी जमलं.

पौष शुद्ध अष्टमी, बुधवार.

मटारचे पोहे. आता यात काय अवघड? नया बाजारातून कोवळा मटार आणवला, सोलला, पोहे भिजत घातले. तेवढ्यात अनसूयाबाई आल्या. त्यांचे दीर श्योपूरला होते. म्हणाल्या, दिराच्या बंगल्यात संध्याकाळी सातनंतर कडी काढायची नाही असा नियम होता. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, का ते विचारायला बाहेर गेला तो चपराशी परत आला नाही. पुढे कळलं, तो दुसरी नोकरी मिळाली म्हणून गेला होता. पण ते त्यांनी चहा संपवून उठताना सांगितलं. ही काय सांगायची रीत झाली?

तोवर पोह्यांचा लगदा झाला होता. फोडणी टाकली, पण मध्येच जाऊन दाराची कडी पाहून आले (वाऱ्याने वाजते), मीठ दोनदा पडलं. हे काही पोहे नव्हेत, पोह्यांची उकड म्हणून वेगळा पदार्थ आहे, वाईला करतात, असं मी सगळ्यांना सांगितलं. दारातल्या गाईपुढे ठेवलं. तिने हुंगलं आणि मान फिरवली. इथल्या गाईंना कोकण-देशावरची चव कुठून कळणार?

पौष शुद्ध एकादशी, शुक्रवार.

उपास. आज प्रॅक्टिस नाही. देवाचीच इच्छा.

राजलक्ष्मीने साबुदाण्याची खिचडी केली. बरी झाली होती. मीच ओसरीवरून सांगितली.

दुपारी हिंदी बोलून पाहिलं. बाईसाहेबांशी बोलायला लागेलच. आइए, बैठिए, तशरीफ लीजिए. की तशरीफ रखिए? दूधवाल्या रामकलीला विचारलं तर म्हणाली, अम्मा, तुम तो इतने साल से हमसे हिंदी में लड़ती हो, अब पूछ रही हो? लढताना येते ती हिंदी वेगळी. पाहुण्यांची वेगळी.

बाईसाहेब टेबलावर काट्या-चमच्याने खातात असं ऐकते. काटा घरात नाही. असता तरी मी भ्याले नसते.

पौष शुद्ध पौर्णिमा, मंगळवार. रात्रीची जेवणं झाल्यावर.

गाजराचा शिरा. सविस्तर लिहिणार नाही.

थोडक्यात: गाजरं उत्तम, तूप उत्तम, रवा उत्तम. मी परतत होते. मनात सहज आलं, मधू श्योपूरला गेला तर त्याला असा शिरा कोण देईल. एकटा कंदील लावून बसेल, आणि खिडकीशी... तेवढ्यात मागून डरकाळी आली. खरी डरकाळी. मी झारा टाकून देवघरात गेले आणि आतून कडी घातली. हे परसात गुळण्या करत होते, हे मागाहून समजलं. एवढ्या जोराने गुळण्या कोण करतं? पण माणसाने सावध असावं.

शिरा तोवर कढईला धरला. वड्या पाडल्या, म्हणजे पाडाव्या लागल्या, बत्त्याने. ह्यांनी एक तोंडात घातली आणि ह्यांची कवळी तिच्यात अडकून बाहेर आली. वडीसकट. राजलक्ष्मीने पदर तोंडात कोंबला. हे पुष्कळ वेळ बोलू शकत नव्हते. एरवी ही शांतता मला आवडली असती.

निश्चय: आता घाई नाही. माघ वद्य पंचमी अजून लांब आहे. तोवर हात बसेल. हात बसलेलाच आहे, फक्त मन लागलं पाहिजे.

पौष वद्य प्रतिपदा, बुधवार.

सकाळी रामकली दूध घालता घालता म्हणाली, अम्मा, माघ लग गया. मला हसू आलं. इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि वद्य पक्षापासून पुढचा लागतो. आपला अमावास्येला संपतो. म्हणजे आपलं पौष वद्य तेच त्यांचं माघ बदी. शुद्ध पक्ष तेवढा दोघांचा एक. घाईची माणसं. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. राजलक्ष्मीलाही हाक मारून सांगितलं, की बघ, असं असतं, माणसाने हिशेब नीट ठेवावा, नाहीतर कुणाचं आमंत्रण कुठल्या कुठे जाईल.

राजलक्ष्मी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, सासूबाई, मग ती साहेबांची पंचमी... म्हटलं, मधू मराठीत बोलला, वद्य म्हणाला, बदी नाही. बदी म्हणाला असता तर गोष्ट वेगळी. आमच्या घरात माघ एकच.

ज्ञान असलं की मन कसं शांत राहतं.

झोप मात्र चार रात्री नाही.

पौष वद्य चतुर्थी, शनिवार. संकष्टी.

दिवसभर उपास. चंद्र उगवेपर्यंत काही नाही. चंद्रोदयाला राजलक्ष्मीने पोळ्या केल्या, पण घास उतरेना. आज अनसूयाबाई पुन्हा आल्या होत्या. दिराची आणखी एक गोष्ट. या खेपेला अस्वल. मी हसून ऐकली. हसताना दात वाजत होते, थंडी फार पडलीय.

जेवले नाही ते पित्तामुळे. माझ्या वाटणीच्या आणि ह्यांच्याही पोळ्या उरल्या (कवळी अजून दुरुस्तीला आहे). गठ्ठाभर शिळं राहणार. असू दे.

उद्या रविवार. उद्या प्रॅक्टिसला पूर्ण सुट्टी. डोक्याला तेल थापून उन्हात बसायचं आणि मनातली सगळी फिकर काढून टाकायची. आज वद्य चतुर्थी. उद्या पंचमी. म्हणजे साहेबांच्या पंचमीला उद्यापासून बरोब्बर एक महिना. इतक्या आधीपासून तयार असलेली बाई लष्करात दुसरी दाखवावी कुणी.

तारीख १ फेब्रुवारी, सोमवार.

वरची छापील तारीख आज खोडली नाही.

काल सकाळी अंगणात बसले होते. डोक्यावर वाटीभर तेल, त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं, नाकाला सुंठ चोळलेली. गल्लीत मोटारीचा भोंगा वाजला. वाटलं, पंक्चर झाली असेल, अनसूयाबाईंचं नशीब. पण ती आमच्याच दाराशी थांबली. पुढून मधू उतरला, दौऱ्याचा धुळीचा कोट अंगावर. मागून साहेब. त्यांच्या मागून रेशमी शाल घेतलेल्या बाईसाहेब. हात जोडून म्हणाल्या, अम्माजी, माघ बदी पंचमी हो गई, हम आ गए।

बदी.

मी मधूकडे पाहिलं. तो म्हणाला, अगं, मी तुला तारीख सांगत होतो तर तू कान झाकलेस, मग बाईंनी सांगितलेलं तेच मराठी करून सांगितलं. मराठी करून! शब्द मराठी केलान, महिना तसाच ठेवलान! आणि वार रविवारच होता. सगळं बरोबर होतं. पंचांग सोडून.

मला आइए आठवलं नाही, बैठिए आठवलं नाही. मी पळाले. या वयात. स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभी राहिले आणि फडकं दातांत धरलं. घरात धिरडी नाहीत, मटार नाही, शिरा नाही. वाटलं, संपलं. गेला मधू. आता छोटी लाईन, कंदील, खिडकी, अस्वल. खरं लिहिते, पाय लटलटत होते आणि थंडीचा काही संबंध नव्हता.

राजलक्ष्मीने माझ्याकडे पाहिलं नाही, स्टोकडे पाहिलं. पंप मारला. रात्रीच्या शिळ्या पोळ्या होत्या. अर्ध्या कुस्करल्या, मोहरी, हिंग, हळद, शेंगदाणे, कांदा, वरून लिंबू आणि कोथिंबीर. फोडणीची पोळी. उरलेल्या बारीक करून गूळ आणि तूप घातलं, मुठीने लाडू वळले. साहेबांचे बूट सुटून होत नाहीत तर ताटल्या बाहेर गेल्या. मी दाराच्या फटीतून बघत होते. साहेबांनी एक घास घेतला. बाईसाहेबांनी एक घास घेतला. मी गणपतीला दहा संकष्ट्या निर्जळी कबूल केल्या.

मग साहेबांनी ताटली पुढे केली आणि आणखी मागितली.

बाईसाहेब उठून थेट दाराशी आल्या आणि मला विचारलं, अम्माजी, यह क्या चीज़ है? शिळ्या पोळ्या म्हणायची सोय नव्हती. हिंदी सगळी उडून गेलेली. डोक्यात एकच शब्द होता. म्हटलं, बरंच. साहेबांना आतून ऐकू गेलं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. म्हणाले, वाह अम्मा, ब्रंच! मधूसुद्धा हसला. काय हसण्यासारखं होतं कळलं नाही, पण मीही हसले.

किसने बनाया? असं बाईसाहेबांनी विचारलं. राजलक्ष्मी मागेच उभी होती, हात तुपाचे. माझ्या तोंडून निघून गेलं, मैंने. यात खोटं काही नाही. घर माझं, पद्धत माझी, आणि पोळ्या शिळ्या राहिल्या त्या मी जेवले नाही म्हणूनच ना?

इथेच थांबायला हवं होतं सगळ्यांनी.

साहेबांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, श्योपूरचा हुकूम त्यांचा स्वतःचाच आला आहे. स्वतः जाणार. बरोबर एक विश्वासाचा माणूस न्यायचा होता, दुसऱ्याच कुणाचं नाव मनात होतं. पण असं घर, असं वळण, असं खाणं ज्या पोराचं, तो सोडून दुसऱ्याला कशाला न्यावं? मधूलाच नेतो. पर्मनंट करून, पगार वाढवून. मधूचा चेहरा असा उजळला की मला कुठे बघावं कळेना.

म्हणजे माझे मटारचे पोहे खाल्ले असते तर तो इथेच राहिला असता.

बाईसाहेब माझा हात धरून म्हणाल्या, त्या जंगलात आचारी टिकत नाही, मधूचं लग्न व्हायचंय, त्याच्या जेवणाचं कोण पाहणार? अम्माजी, आप भी चलिए, हम आपसे सब सीखेंगे। सब! मी राजलक्ष्मीकडे पाहिलं. तिने हात पुसले आणि फार गोड आवाजात म्हणाली, हो, त्यांच्या हाताची सर आम्हाला कुठली? तिला मी सगळं शिकवलं, हे मात्र मी शिकवलं नव्हतं.

माझा मुलगा आणि सून इथेच राहणार, त्याची नोकरी इथली. हे येणार नाहीत, कवळी व्हायची आहे. बायको श्योपूरला जाणार म्हटल्यावर माणसाने थोडं तरी वाईट वाटून घ्यावं. ह्यांनी विचारलं, लांब डाव नेतेस का, की ठेवतेस?

मधूला विचारलं, निघायचं केव्हा? तो तिथी शोधायला लागला. मी म्हटलं, तारीख सांग. आठ. लिहून ठेवली.

अनसूयाबाई येऊन गेल्या. दिरांचा जुना कंदील देते म्हणाल्या. मी घेते म्हटलं. भीती वाटते. हे एकदा लिहून टाकलं, आता पुन्हा लिहिणार नाही. पण मधू तिथे एकटा नसेल, तेवढं बरं झालं.

आज सगळे निजल्यावर स्वयंपाकघरात गेले. राजलक्ष्मी भांडी लावत होती. सहज विचारल्यासारखं केलं, की ती कालची फोडणीची पोळी, तिच्यात मोहरी आधी की हिंग? म्हणाली, मोहरी. मग लिंबू केव्हा? म्हणाली, उतरवल्यावर. मी म्हटलं, बरं, मग अवघड काही नाही, पोळ्या शिळ्या कशा करायच्या तेवढं सांग.

ती माझ्याजवळ येऊन बसली. पुष्कळ वर्षांनी अशी बसली. म्हणाली, सासूबाई, आधी पोळ्या करायला शिकावं लागेल. शिळ्या त्या आपोआप होतात.

उद्या पहाटे स्टो पेटवून देते म्हणाली. पंप मी मारायचा.